अ‍ॅन रॅडक्लिफ

अ‍ॅन रॅडक्लिफ (माहेरचे नाव: अ‍ॅन वॉर्ड, जन्म: ९ जुलै १७६४, लंडन, मृत्यू: ७ फेब्रुवारी १८२३, लंडन) या इंग्लिश कादंबरीकार होत्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस गॉथिक कादंबरीला लोकप्रियता आणि वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या लेखकांत त्या अग्रगण्य मानल्या जातात. 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो' (१७९४) आणि 'द इटालियन' (१७९७) या त्यांच्या प्रमुख कादंबऱ्या होत. ओसाड किल्ले, भुयारे व बंद दालने यांच्या कथांतून त्यांनी स्त्रीची मालमत्ता आणि विवाहातील तिची संमती हे त्या काळातील ज्वलंत विषय हाताळले.

बालपण आणि विवाह

अ‍ॅन यांचा जन्म लंडनच्या होबर्न भागातील एका व्यापारी कुटुंबात झाला. त्यांचे वडील विल्यम वॉर्ड यांचे शिवणकामाच्या किरकोळ साहित्याचे दुकान होते. १७७२ मध्ये ते बाथ येथे गेले व वेजवुड आणि बेंटली यांच्या चिनी मातीच्या भांड्यांच्या दुकानाची व्यवस्था पाहू लागले. या व्यवसायातील भागीदार टॉमस बेंटली हे अ‍ॅन यांचे नातेवाईक होते. लहानपणी काही काळ त्या त्यांच्या चेल्सी येथील घरी राहिल्या.

१७८७ मध्ये त्यांचा विवाह ऑक्सफर्डचे पदवीधर विल्यम रॅडक्लिफ यांच्याशी झाला. विल्यम पुढे पत्रकारितेत आले. त्यांनी पत्नीच्या लेखनाला प्रोत्साहन दिले. या दांपत्याला अपत्य नव्हते.

वाङ्मयीन पार्श्वभूमी

अ‍ॅन यांचा जन्म झाला त्याच वर्षी होरेस वॉलपोल यांची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी वॉलपोल यांनी तिला गॉथिक कथा असे म्हटले आणि या साहित्यप्रकाराला नाव मिळाले. मध्ययुगीन वास्तू, पूर्वजांची पापे आणि अतिमानुष घटना ही तिची सामग्री होती. क्लारा रीव्ह यांनी 'दि ओल्ड इंग्लिश बॅरन' (१७७८) या कादंबरीत अद्भुताला मर्यादा घालून कथा संभाव्यतेच्या कक्षेत आणण्याचा प्रयत्न केला. अ‍ॅन रॅडक्लिफ यांनी हा मार्ग आणखी पुढे नेला. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांत गूढ आवाज, हलणारे दिवे व अदृश्य पावले यांचा शेवटी लौकिक कारणांनी उलगडा होतो.

लेखन

'द कॅसल्स ऑफ अ‍ॅथलिन अँड डनबेन' (१७८९) आणि 'अ सिसिलियन रोमान्स' (१७९०) या पहिल्या दोन कादंबऱ्या लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाल्या. 'द रोमान्स ऑफ द फॉरेस्ट' (१७९१) ही तिसरी कादंबरी गाजल्यावर तिच्या दुसऱ्या आवृत्तीवर त्यांचे नाव छापण्यात आले.

'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो'साठी प्रकाशकांनी ५०० पौंड आणि 'द इटालियन'साठी ८०० पौंड दिले. कादंबरीलेखनासाठी त्या काळी ही रक्कम असाधारण होती. १८०३ मध्ये जेन ऑस्टिन यांच्या एका कादंबरीचे हस्तलिखित अवघ्या १० पौंडांना विकले गेले, यावरून या फरकाची कल्पना येते. मात्र तत्कालीन इंग्लिश कायद्यानुसार विवाहित स्त्रीची कमाई पतीच्या मालकीची ठरत असे. इंग्लंडमधील विवाहित स्त्रियांना मालमत्तेचा स्वतंत्र हक्क व्यापक स्वरूपात मिळाला तो १८८२ च्या कायद्याने.

उडॉल्फोतील भय आणि मालमत्ता

'उडॉल्फो'चे कथानक सोळाव्या शतकात घडते. आईवडिलांच्या मृत्यूनंतर एमिली सेंट ऑबेर ही तरुणी आत्याच्या आश्रयाला जाते. आत्या मोंतोनी या इटालियन सरदाराशी विवाह करते आणि तो दोघींना आपेनाइन पर्वतातील उडॉल्फो किल्ल्यात नेतो. पत्नीने आपली मालमत्ता त्याच्या नावे करावी यासाठी मोंतोनी तिचा छळ करतो व तिला कोंडून ठेवतो. तिच्या मृत्यूनंतर तोच तगादा एमिलीमागे लागतो.

किल्ल्यातील एका काळ्या पडद्यामागचे दृश्य पाहून एमिली बेशुद्ध पडते. ती मेणाची आकृती होती, हे वाचकाला कादंबरीच्या अखेरीस कळते. भुताखेतांचा भ्रम याप्रमाणे दूर होतो. मोंतोनीचा लोभ, बंद दरवाजे आणि सहीसाठी होणारी जबरदस्ती मात्र खरीच असते. अखेर एमिली किल्ल्यातून निसटते, वारशाने आलेली मालमत्ता तिला मिळते आणि ती आपल्या पसंतीच्या पुरुषाशी विवाह करते.

प्रवास आणि 'द इटालियन'

'उडॉल्फो'तील आल्प्स व इटलीची वर्णने रॅडक्लिफ यांनी ते प्रदेश न पाहता, प्रवासवर्णने व निसर्गचित्रे यांच्या आधारे लिहिली. कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर १७९४ च्या उन्हाळ्यात त्या पतीसह हॉलंड व जर्मनीत गेल्या. युरोपात तेव्हा युद्ध चालू होते. स्वित्झर्लंडमध्ये प्रवेश न मिळाल्याने ते दोघे माघारी फिरले आणि नंतर त्यांनी इंग्लंडमधील सरोवरांचा प्रदेश पाहिला. या प्रवासाचे वर्णन १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले.

१७९६ मध्ये मॅथ्यू लुइस यांची 'द मंक' ही कादंबरी आली. तीत हिंसा व अतिमानुष घटना उघडपणे रंगवल्या होत्या. रॅडक्लिफ यांची 'द इटालियन' ही अनेक अभ्यासकांच्या मते तिला दिलेले उत्तर होय. स्केदोनी हा कपटी भिक्षू आणि धर्मन्यायालयाची अंधारकोठडी यांतून तीत भय निर्माण होते. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात (१८२६) रॅडक्लिफ यांनी दोन प्रकारच्या भयांतील भेद सांगितला आहे. अस्पष्ट, सूचित भय मनाला विस्तार देते व जागे करते, तर प्रत्यक्ष भीषण दृश्य मनाला आकुंचित करून गोठवते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मौन आणि अफवा

'द इटालियन'नंतर, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, कीर्तीच्या शिखरावर असताना रॅडक्लिफ यांनी कादंबऱ्या प्रसिद्ध करणे थांबवले. आईवडिलांच्या निधनानंतर वारशाने आलेल्या मालमत्तेमुळे त्यांना लेखनाच्या उत्पन्नावर अवलंबून राहावे लागले नाही. त्या पतीसह इंग्लंडमध्ये प्रवास करीत व खासगी टिपणे लिहीत. साहित्यिक वर्तुळात त्या वावरत नसत.

या मौनाचा अर्थ लोकांनी त्यांच्या कादंबऱ्यांवरून लावला. स्वतः कल्पिलेल्या भयामुळे त्यांना वेड लागले, त्या डर्बिशरमधील हॅडन हॉल येथे बंदिस्त आहेत, किंवा त्यांचे निधन झाले आहे, अशा अफवा पसरल्या. प्रत्यक्षात अखेरच्या वर्षांत त्या दम्याने आजारी होत्या. १८२६ मध्ये त्यांची 'गॅस्टन द ब्लाँडव्हिल' ही कादंबरी मरणोत्तर प्रसिद्ध झाली. तीतील भूत खरे आहे. तिच्यासोबत छापलेल्या चरित्रात त्यांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी डॉक्टरांचे निवेदन समाविष्ट करून अफवांचे खंडन करण्यात आले.

प्रभाव

जेन ऑस्टिन यांच्या 'नॉर्थँगर अ‍ॅबी' (१८१७) या कादंबरीची नायिका 'उडॉल्फो' वाचून वास्तवातही तसेच रहस्य शोधू लागते. तिचा संशय तीत हास्यास्पद ठरतो. तरी पैशाच्या लोभाने तिला घराबाहेर काढणारा यजमान खराच निघतो. वॉल्टर स्कॉट यांनी रॅडक्लिफ यांच्यावर लेखन केले. फ्योदोर दस्तयेवस्की यांनी बालपणी आईवडिलांकडून त्यांच्या कादंबऱ्या ऐकल्या होत्या. कवयित्री क्रिस्टिना रोझेटी यांनी १८८३ मध्ये त्यांचे चरित्र लिहिण्याचे ठरवले, परंतु पुरेशी साधने न मिळाल्याने तो संकल्प सोडून दिला.

१९७६ मध्ये अमेरिकन समीक्षक एलेन मोअर्स यांनी स्त्री-गॉथिक ही संज्ञा रूढ केली व रॅडक्लिफ ते मेरी शेली या परंपरेचा स्वतंत्र विचार केला. छळ सोसणारी आणि त्याच वेळी धैर्याने संचार करणारी तरुणी ही रॅडक्लिफ यांच्या कादंबऱ्यांची मध्यवर्ती व्यक्तिरेखा आहे, असे त्यांनी दाखवून दिले. तेव्हापासून या कादंबऱ्यांचा अभ्यास स्त्रियांच्या कायदेशीर व कौटुंबिक स्थितीच्या संदर्भातही होऊ लागला.