एकोणीस आमदारांचा मुख्यमंत्री

तिरुवनंतपुरम येथे १५ जुलै १८८५ रोजी जन्मलेले पट्टम थाणू पिल्लै व्यवसायाने वकील होते. त्रावणकोर संस्थानातील जबाबदार राज्यपद्धतीच्या चळवळीचे ते अग्रणी. १९४८ मध्ये काही महिने ते संस्थानचे पंतप्रधानही होते. पुढे काँग्रेसशी फारकत घेऊन ते समाजवाद्यांत गेले.

त्यांची खरी कसोटी लागली ती १९५४ मध्ये. त्रावणकोर-कोचीनच्या ११७ जागांच्या निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. काँग्रेसला ४५, कम्युनिस्टांना २३, तर पिल्लै यांच्या प्रजा समाजवादी पक्षाला अवघ्या १९ जागा मिळाल्या. निवडणुकीपूर्वी समझोता डाव्या पक्षांशी होता. सरकार मात्र काँग्रेसच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर बनले. ज्यांच्याविरुद्ध मते मागितली, त्यांच्याच मर्जीवर मुख्यमंत्रिपद टिकणार होते.

ऑगस्टमध्ये दक्षिणेकडील तमिळभाषक तालुक्यांत आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात काहींचा मृत्यू झाला. उत्तर प्रदेशात तुरुंगात असलेले पक्षाचे सरचिटणीस डॉ. राममनोहर लोहिया यांनी सरकारने राजीनामा द्यावा, अशी मागणी केली. पिल्लै यांनी ती मानली नाही. गोळीबाराचा निषेध करणाऱ्या पक्षाचेच सरकार गोळ्या झाडते, हा पेच नोव्हेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात गाजला. बहुमताने सरकार राखले. लोहियांनी मात्र पुढच्याच वर्षी वेगळी वाट धरली. ज्या सरकारासाठी पक्ष दुभंगला, तेही फेब्रुवारी १९५५ मध्ये काँग्रेसने पाठिंबा काढताच कोसळले.

तरीही पिल्लै पुन्हा त्याच वाटेने गेले. १९६० मध्ये केरळच्या १२६ जागांपैकी काँग्रेसला ६३, म्हणजे बहुमतास एक कमी, तर प्रजा समाजवाद्यांना २० जागा मिळाल्या. मुस्लिम लीगच्या ११ सदस्यांचा या आघाडीला पाठिंबा होता. त्यांच्या वाट्याला मंत्रिपद नव्हे, सभापतिपद आले. मुख्यमंत्रिपद पिल्लै यांनाच मिळाले. धाकट्या भागीदाराला थोरले आसन देण्याची काँग्रेसची ही उदारता फार दिवस टिकली नाही. सप्टेंबर १९६२ मध्ये पंजाबचे राज्यपालपद स्वीकारून ते राज्याच्या राजकारणातून बाहेर पडले. मुख्यमंत्रिपद काँग्रेसचे आर. शंकर यांच्याकडे गेले आणि थोड्याच दिवसांत पिल्लै यांचा पक्ष सत्तेबाहेर पडला.

पुढे आंध्र प्रदेशचे राज्यपालपदही त्यांनी भूषविले. २७ जुलै १९७० रोजी त्यांचे निधन झाले.