थिओडोर बोव्हेरी

दोन वर्षांच्या बालकास कर्करोग व्हावा, हे ऐकून कोणाचेही मन विदीर्ण होते. ज्याने अद्याप जग पाहिले नाही, त्याच्या देही हा रोग आला कोठून? या कोड्याच्या उत्तराची वाट थिओडोर बोव्हेरी या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने दाखविली.

बोव्हेरींचा जन्म १२ ऑक्टोबर १८६२ रोजी बाम्बेर्ग येथे झाला. म्युनिक येथे ते प्रथम इतिहास व तत्त्वज्ञान शिकत होते. परंतु लवकरच शरीररचनाशास्त्राकडे वळले. (आम्हां कलाशाखेच्या पदवीधरांस याचे थोडे वैषम्य वाटते!) १८९३ मध्ये ते वुर्त्सबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले.

नेपल्सच्या सागरी संशोधनकेंद्रात त्यांनी साळिंदरासारखे काटे असलेल्या एका चिमुकल्या समुद्रप्राण्याच्या अंड्यांवर प्रयोग केले. एका अंड्यात दोन शुक्रपेशी शिरल्या, की त्याचे बहुधा एकदम चार भाग होतात. परंतु गुणसूत्रांची वाटणी समान होत नाही. एखाद्या भागास काही गुणसूत्रे अधिक मिळतात, तर काही मुळीच मिळत नाहीत. असे जीव प्रायः विकृत होऊन मरत. यावरून १९०२ मध्ये बोव्हेरींनी अनुमान काढले की, प्रत्येक गुणसूत्राचे कार्य निराळे असते.

१९१४ च्या ग्रंथात ते आणखी पुढे गेले. गुणसूत्रे बिघडलेल्या एकाच पेशीपासून कर्करोग उद्भवतो, पेशींच्या वाढीस आवर घालणारी गुणसूत्रे असावीत आणि त्यांतील वैगुण्य वंशपरंपरेनेही येऊ शकेल, असे त्यांनी मांडले. अर्बुदांवर त्यांनी स्वतः प्रयोग केले नव्हते, म्हणून वैद्यकाने त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. प्रकृती नाजूक होतीच; १५ ऑक्टोबर १९१५ रोजी ते निवर्तले. त्यांच्या पत्नी मार्सेला याही जीवशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी १९२९ मध्ये तो ग्रंथ इंग्रजीत आणला.

पुढे १९७१ मध्ये अमेरिकेतील आल्फ्रेड नड्सन यांनी बालकांच्या दृष्टिपटलाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. पेशीला आवरणाऱ्या एका जनुकाच्या आपल्यापाशी दोन प्रती असतात. दोन्ही निकामी झाल्या म्हणजे हा रोग होतो. काही बालकांच्या प्रत्येक पेशीत एक प्रत जन्मतःच सदोष असते; त्यांना रोग लवकर आणि पुष्कळदा दोन्ही डोळ्यांस जडतो. १९८६ मध्ये तेराव्या गुणसूत्रावरील ते जनुक हाती आले. बहुतेक बालकर्करोगांत असा वारसा आढळत नाही, हेही ध्यानी घ्यावे. परंतु ज्या घराण्यात तो दोष ठाऊक आहे, तेथे आता अर्भकाचे डोळे जन्मानंतर लगेच तपासतात. गाठ मोहरीएवढी असतानाच सापडली, तर पुष्कळदा दृष्टीही वाचविता येते.