विद्येचे कर्ज

डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या नावापुढील पदव्या आपल्या मुलांना पाठ असतात. एम. ए., पीएच. डी., एम. एससी., डी. एससी., बॅरिस्टर. परंतु या पदव्यांसाठी लागलेला पैसा कोठून आला, कोणत्या अटीवर आला आणि त्याची फेड कशी झाली, हे थोड्यांनाच ठाऊक असते. ज्यांच्या घरचे मूल यंदा कॉलेजात जाणार आहे त्यांना ही हकीकत उपयोगी पडेल.

इंदूरजवळच्या महू छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते. घराणे महार जातीचे, म्हणून मुलाला शाळेत वेगळे बसावे लागे व तहान लागली तरी स्वतःच्या हाताने पाणी घेता येत नसे. पुढे कुटुंब मुंबईला परळ भागातील चाळीत एका खोलीत राहू लागले. मुलाला पुस्तकांचा नाद फार आणि वडिलांच्या हाती फक्त पेन्शन. तेव्हा रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, एखादा दागिना मागून आणीत, तो सावकाराकडे गहाण टाकून पुस्तक घेत आणि पेन्शन आली की दागिना सोडवून परत करीत. भीमरावांच्या शिक्षणासाठी काढलेले कर्ज आरंभी असे बहिणींच्या दागिन्यांवर निघाले.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे एक शिक्षक व लेखक या मुलाला बागेत वाचत बसलेला नेहमी पाहत असत. त्यांनी त्याची विचारपूस केली, पुस्तके दिली आणि त्याच्यावर लक्ष ठेवले. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली. तेव्हा केळुसकरांनीच त्याला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापुढे उभे केले. महाराजांनी काही प्रश्न विचारले व दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. म्युलर नावाच्या प्राध्यापकांनी पुस्तके व कपडे दिले. अशा रीतीने १९१२ साली भीमराव बी. ए. झाले.

१९१३ च्या जानेवारीत ते बडोदे संस्थानच्या नोकरीत गेले. पण थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारीला, वडील वारले. त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले. ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी करारावर सही केली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांपर्यंत. आणि शिक्षण संपल्यावर १० वर्षे संस्थानची नोकरी.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी एक एक पैसा जपून वापरला. त्याच रकमेतून घरी पत्नी रमाबाईंकडे पैसे पाठवायचे होते. खाणेपिणे कमी केले, करमणूक सोडली, मात्र जुन्या बाजारातून सुमारे २,००० पुस्तके जमविली. १९१५ साली ते एम. ए. झाले. पुढील वर्षी पीएच. डी. साठी प्रबंध पूर्ण करून ते लंडनला गेले व तेथे अर्थशास्त्र आणि कायदा या दोहोंचा अभ्यास आरंभिला. महाराजांनी मुदत एक वर्षाने वाढवून दिली. ती १९१७ साली संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन तो पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळविली. महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके वेगळ्या बोटीने येत होती. ती बोट पाणतीराने बुडाली. पुस्तकांच्या नुकसानभरपाईचे पैसे हाती आले तेव्हा कोठे बडोद्यास जाण्याची सोय झाली.

कराराप्रमाणे ते बडोद्यात हजर झाले. नोकरी होती, पगार होता, महाराजांचा पाठिंबा होता. राहायला खोली नव्हती. महार म्हणून कोणीही जागा देईना. अखेर एका पारशी वसतिगृहात पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांनी त्यांना बाहेर काढले. गावात त्यांचे दोन स्नेही होते, एक हिंदू व एक ख्रिस्ती. हिंदू स्नेह्याने सांगितले की, तुम्हाला घेतले तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती स्नेही म्हणाले की, उद्या पत्नी येणार आहे, तिला विचारावे लागेल. हे दांपत्य मूळचे ब्राह्मण घराण्यातील होते. नवऱ्याने जुने विचार सोडले होते, पण पत्नीचा सोवळेपणा गेला नव्हता, हे भीमरावांना मागाहून कळले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. वाचताना आपल्याला खाली पाहावे लागते, पण ती वगळून हे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कामाठी बागेत गाडीची वेळ होईपर्यंत बसून त्या रात्री भीमराव मुंबईला निघाले. १० वर्षांचा करार असा मोडला.

१९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना महिना ४५० रुपयांची प्राध्यापकाची जागा मिळाली. एवढा पगार असूनही बिऱ्हाड चाळीतच ठेवले आणि पैसा साठविला. १९२० साली स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि अमेरिकेतील पारशी मित्र नवल भथेना यांनी दिलेले ५,००० रुपयांचे कर्ज, एवढ्यावर ते लंडनला परत गेले. तेथे अर्धपोटी राहून वाचनालयात दिवस काढले. इकडे रमाबाई अत्यंत ओढगस्तीत संसार रेटीत होत्या. त्या पदव्यांची किंमत त्यांनीही मोजली, हे विसरू नये. १९२३ साली पैसे संपत आल्याने भीमराव परतले आणि प्रबंधातील दुरुस्त्या मुंबईत बसून केल्या. त्याच वर्षी डी. एससी. मिळाली. वकिलीची सनद घ्यायलाही पैसे नव्हते. तेही भथेनांनीच दिले.

फेड कशी झाली? १९२५ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील आपला कोलंबियाचा प्रबंध त्यांनी छापला आणि शिक्षणास केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून तो सयाजीरावांना अर्पण केला. १९२७ मध्ये त्यावर पीएच. डी. मिळाली. पण खरी फेड पुढच्या पिढीला झाली. १९२५ मध्येच त्यांच्या संस्थेने सोलापूरला गरीब विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. आधी राहण्याची जागा! बडोद्याचा अनुभव ते विसरले नव्हते. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी लावून धरली आणि १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली त्या वेळच्या हैदराबाद राज्यातील औरंगाबादेत आणखी एक कॉलेज त्यांनी उभे केले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हे चरित्र सांगताना केळुसकरांना विसरू नये. त्यांच्याजवळ राजाची तिजोरी नव्हती. बागेत वाचणारा एक मुलगा त्यांनी पाहिला आणि वेळ आली तेव्हा योग्य दारापर्यंत त्याच्याबरोबर गेले. शिष्यवृत्त्या व बँकांची कर्जे आजही आहेत; अर्ज कोठे, केव्हा व कसा करावा हे सांगणारा माणूस पुष्कळ मुलांना भेटत नाही. आणि परगावाहून शिकायला आलेला मुलगा किंवा मुलगी खोलीसाठी आपल्या दाराशी आली, तर उत्तर उद्यावर ढकलू नये.