काच पुसणाऱ्या मेरीबाई



पावसाळ्यात एस. टी.ने जाताना ड्रायव्हरच्या पुढची काच कधी नीट बघितली आहे का? बाहेर धो धो पाऊस असतो. काचेवर पाण्याचे लोट येतात. रस्ता, झाडे, समोरची गाडी सगळे विरघळल्यासारखे दिसते. तेवढ्यात काचेवरचे काळे हात इकडून तिकडे फिरतात आणि रस्ता पुन्हा लख्ख दिसतो. त्या हातांना वायपर म्हणतात. गाडीत पन्नास माणसे बसलेली असतात. त्या सगळ्यांचा जीव त्या रबराच्या पट्टीवर असतो म्हटले तरी चालेल.

ही पट्टी सुचली एका बाईंना. त्या इंजिनियर नव्हत्या, की त्यांचा मोटारींचा कारखाना नव्हता. त्यांचे नाव मेरी अँडरसन. आज त्यांची गोष्ट वाचूया.

मेरीचा जन्म १९ फेब्रुवारी १८६६ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात झाला. तिचे वडील जॉन अँडरसन हे मोठे जमीनदार होते. परंतु मेरी अवघी चार वर्षांची असताना, १८७० साली, तिचे पितृछत्र हरपले. घरात राहिल्या तिघीजणी : आई रिबेका, बहीण फॅनी आणि मेरी. वडिलांच्या मागे राहिलेल्या मिळकतीवर त्यांनी दिवस काढले. कर्ता पुरुष नसलेल्या घरात सगळे व्यवहार बायकांनाच बघावे लागतात. आपल्या गावातही अशी घरे आहेत, हो ना?

१८८९ साली तिघी बर्मिंगहॅम या शहरात राहायला आल्या. हे बर्मिंगहॅम अलाबामातले, इंग्लंडमधले नव्हे! तेथे त्यांनी भाड्याने देण्यासाठी एक मोठी इमारत बांधली. पुढे १८९३ ते १८९८ अशी पाच वर्षे मेरीबाईंनी कॅलिफोर्निया राज्यातील फ्रेस्नो येथे गुरे पाळली आणि द्राक्षांचा मळा सांभाळला. नंतर आजारी मावशीच्या सेवेसाठी त्या परत बर्मिंगहॅमला आल्या. म्हणजे बघा, बाई कामाला डरणाऱ्या नव्हत्या.

आता खरी गोष्ट सुरू होते. १९०२ सालच्या हिवाळ्यात मेरीबाई न्यूयॉर्क शहर बघायला गेल्या. तेथे कडाक्याची थंडी पडते. त्या दिवशी आकाशातून पाणी आणि बर्फ मिसळून पडत होते. मेरीबाई ट्राममध्ये बसल्या. ट्राम म्हणजे रस्त्यातल्या रुळांवरून, विजेवर चालणारी गाडी.

ट्रामच्या पुढच्या काचेवर बर्फ साचत होता. ड्रायव्हरला समोरचे काही दिसेना. मग त्याने काय करावे? त्याने समोरची काच उघडीच ठेवली. बोचरा वारा आणि बर्फ थेट त्याच्या तोंडावर येत होता. आतले प्रवासीही गारठून गेले. पण काच लावावी तर दिसत नाही, आणि उघडावी तर थंडीने हाल! इकडे आड, तिकडे विहीर.

गाडीत इतर माणसेही बसली होती. थंडी सगळ्यांनाच वाजली. पण मेरीबाईंच्या मनात आले, की काच बंद ठेवून, आत बसल्या बसल्या, बाहेरून ती पुसता आली तर? इतरांनी त्रास सोसला आणि विसरून गेले. मेरीबाई घरी पोहोचल्या तरी विसरल्या नाहीत. बर्मिंगहॅमला परत आल्यावर त्यांनी एका माणसाकडून यंत्राचा आराखडा काढून घेतला आणि गावातल्याच एका कारखान्यातून नमुना बनवून घेतला.

त्यांचे यंत्र अगदी साधे होते. काचेच्या बाहेर एक लांब दांडा, त्याला रबराची पट्टी. दांड्याचे दुसरे टोक आत ड्रायव्हरजवळ, त्याला मूठ. मूठ फिरवली की बाहेरची पट्टी काचेवरून फिरायची. पट्टी काचेला घट्ट चिकटून राहावी म्हणून स्प्रिंग आणि वजन लावले होते. हिवाळा संपला की सगळे काढूनही ठेवता येई. ओल्या फरशीवरचे पाणी आपण रबराच्या पट्टीने ओढतो ना? तसेच हे, फक्त उभ्या काचेवर.

पण काचेवर पाणी आले की दिसत का नाही? पाणी तर पारदर्शक असते! याचा एक प्रयोग करून बघा. स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद पुस्तकाच्या पानावर ठेवा. त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंबाखालचे अक्षर मोठे दिसते. म्हणजे प्रत्येक थेंब हे एक छोटेसे भिंगच असते. ते प्रकाशाला वाकवते. काचेवर अशी शेकडो भिंगे जमली की प्रकाश हवा तसा वाकतो आणि चित्र फुटते. रात्री समोरच्या गाडीचा दिवा तर सगळ्या काचेवर पसरतो. रबराची पट्टी फिरली की थेंब मोडतात. मागे राहिलेच तर सपाट, पातळ पाणी राहते. त्यातून मात्र दिसते.

मेरीबाईंनी १८ जून १९०३ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट म्हणजे शोधावरचा सरकारी हक्क. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना ते मिळाले. त्याचा क्रमांक ७,४३,८०१. हा हक्क सतरा वर्षांचा होता. त्या सुमारास इतरही काही जण काच पुसण्याच्या युक्त्या शोधत होते. पण चांगले चालणारे यंत्र बनवल्याचा मान मेरीबाईंना दिला जातो.

आता तुम्हाला वाटेल, की बाईंना खूप पैसा मिळाला असेल. नाही! १९०५ साली त्यांनी आपला हक्क विकत घ्यावा म्हणून कॅनडातील एका कंपनीला विचारले. त्या कंपनीने कळवले, की या वस्तूला बाजारात किंमत येईल असे वाटत नाही. तेव्हा मोटारीच मुळी थोड्या होत्या. फोर्ड कंपनीची प्रसिद्ध स्वस्त मोटार १९०८ साली निघाली. त्यानंतर रस्ते मोटारींनी भरू लागले. पण १९२० साली मेरीबाईंच्या पेटंटची मुदत संपली. आता कोणीही तसे यंत्र बनवू शकत होते. आणि दोनच वर्षांनी, १९२२ साली, कॅडिलॅक या मोटार कंपनीने आपल्या सर्व मोटारींना वायपर बसवायला सुरुवात केली! हळूहळू तो सगळ्या गाड्यांना आला. मेरीबाईंच्या हाती मात्र काही पडले नाही. १९१७ साली शार्लोट ब्रिजवुड या दुसऱ्या बाईंनी विजेवर चालणाऱ्या वायपरचे पेटंट घेतले होते. त्यांचीही तीच गत झाली.

मेरीबाईंनी लग्न केले नाही. आपली भाड्याची इमारत त्या शेवटपर्यंत सांभाळत राहिल्या. २७ जून १९५३ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, टेनेसी राज्यातील माँटईगल येथे त्यांचे निधन झाले. तोवर लाखो गाड्यांच्या काचांवर वायपर फिरत होते. त्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनी, २०११ साली, अमेरिकेतील नामवंत शोधकांच्या यादीत त्यांचे नाव घालण्यात आले.

आमचे काका मोटारसायकलवरून बाजाराला जातात. तिच्या पुढे उंच काच आहे, पण बहुतेक मोटारसायकलींना वायपर नसतोच. गेल्या पावसाळ्यात त्या काचेतून त्यांना काही दिसेना. समोर बैलगाडी आहे हे अगदी जवळ गेल्यावर कळले. थोडक्यात निभावले. तेव्हापासून त्यांनी काच थोडी खाली घेतली आहे. आता ते काचेतून न बघता काचेच्या वरून बघतात. हेल्मेटची काच हातमोज्याच्या बोटाने सारखी पुसतात. सर आली की वेग कमी करतात, आणि दिसेनासे झाले की आडोशाला गाडी लावतात. पालकहो, तुम्हीही एवढे करा. घरी पोरे वाट बघत असतात.

बोध : त्रास सगळ्यांनाच होतो. पण दुसऱ्याचा त्रास बघून त्यावर उपाय शोधणारा एखादाच असतो. मेरीबाईंना त्या ड्रायव्हरची कीव आली, आणि त्यांनी नुसती कीव केली नाही. पुढच्या वेळी एस. टी.त वायपर फिरताना दिसला की त्यांची आठवण काढा.

सांगा पाहू!
१) ट्रामच्या ड्रायव्हरने काच उघडी का ठेवली?
२) पाण्याचा थेंब भिंगासारखा कसा वागतो?
३) मेरीबाईंना पैसे का मिळाले नाहीत?
(उत्तरे लेखातच आहेत.)

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी