बेडकाचा पाय आणि लुईजी गॅल्व्हानी

शाळेच्या प्रयोगशाळेत गॅल्व्हानोमीटरची सुई हलताना आपण पाहिली आहे. ज्यांच्यावरून त्या उपकरणाला हे नाव मिळाले, त्या लुईजी गॅल्व्हानी यांचा परिचय आम्ही या अंकात करून देत आहोत.

गॅल्व्हानी यांचा जन्म ९ सप्टेंबर १७३७ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात झाला. तरुणपणी त्यांचा ओढा धर्मसेवेकडे होता. पण ते वैद्यकशास्त्राकडे वळले आणि बोलोन्यातच शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. आपले गुरू गालेआत्सी यांची कन्या लुचिया यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लुचिया प्रयोगांतही त्यांना साथ देत.

१७८० च्या सुमारास एक घटना घडली. मेजावर बेडकाचे सोललेले पाय होते. जवळच वीज निर्माण करणारे यंत्र होते. सहायकाने मज्जातंतूला सुरीचे टोक लावले, त्याच क्षणी यंत्रातून ठिणगी निघाली आणि मेलेल्या बेडकाचे पाय ताडकन आखडले! दुसऱ्या कोणी ही गंमत म्हणून सोडून दिली असती. गॅल्व्हानींनी दहा वर्षे तिचा पिच्छा पुरवला. प्राण्यांच्या शरीरातच वीज असते व तीच स्नायू हलवते, असा निष्कर्ष त्यांनी १७९१ मध्ये प्रसिद्ध केला. तो पाहायला लुचिया नव्हत्या. त्याआधीच त्यांचे निधन झाले होते.

पाव्हियाचे प्राध्यापक व्होल्टा यांना प्रथम हे पटले, पण पुढे त्यांनी विरोध केला. ही वीज बेडकाची नसून दोन वेगळ्या धातूंच्या स्पर्शाची आहे, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा गॅल्व्हानींनी धातूशिवाय, नुसता मज्जातंतू स्नायूला टेकवून पाय हलवून दाखवला. तरी पारडे व्होल्टांकडेच झुकले. १७९८ मध्ये नव्या फ्रेंचधार्जिण्या राजवटीने प्राध्यापकांकडून शपथ मागितली. ती मनाला न पटल्याने गॅल्व्हानींनी घेतली नाही. पद गेले, वेतन गेले. त्यांची कीर्ती पाहून पद परत देण्याचे ठरले, पण त्याआधीच ४ डिसेंबर १७९८ रोजी त्यांनी देह ठेवला.

१८०० मध्ये व्होल्टांनी पहिली बॅटरी जाहीर केली. धातूंविषयी व्होल्टांचे खरे होते, आणि शरीराला स्वतःची वीज असते हे गॅल्व्हानींचेही खरे होते.

त्याचे फळ आज दिसते. पाठीच्या कण्याला मार बसला की मेंदूचा संदेश पायांपर्यंत पोहोचत नाही. पाय धड असूनही हलत नाहीत. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे शास्त्रज्ञांनी अशा तीन रुग्णांच्या मज्जारज्जूवर, इजेच्या खालच्या भागात, विद्युत्‌पट्टी बसवली. ठरावीक क्षणी ठरावीक जागी विजेचे हलके स्पंद देत व महिनोन्‌महिने सराव करवून घेत त्यांना आधाराने चालते केले. हा पूर्ण इलाज नव्हे आणि प्रत्येकाला लागू पडेलच असेही नाही. पण वर्षानुवर्षे चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला चार पावलांचे मोल केवढे असेल!

अपेक्षित उत्तर आले नाही म्हणून प्रयोगवहीचे पान फाडणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो. मुलांनो, ते पान फाडू नका. आधी आपल्या सरांना किंवा बाईंना दाखवा.