विल्हेल्म आल्बर्ट : लोखंडाचा थकवा ओळखणारा खाण अधिकारी

जालना जिल्ह्यात काळ्या पाषाणात विहीर खोदताना तळाचा दगड यारीने वर काढला जातो. हा सारा भार एका तारदोरावर असतो आणि खाली राबणाऱ्यांचे प्राणही त्याच्याच भरवशावर असतात. या तारदोराचे जनक म्हणजे जर्मनीतील हार्झ पर्वतातील खाणींचे प्रशासक विल्हेल्म आल्बर्ट.

आल्बर्ट यांचा जन्म २४ जानेवारी १७८७ रोजी हॅनोव्हर येथे झाला. शिक्षण कायद्याचे, पण १८०६ मध्ये ते क्लाउस्थाल येथील खाण खात्यात रुजू झाले आणि पुढे तेथील खाणींची धुरा त्यांच्याकडे आली. चांदी व शिशाच्या या खाणी शेकडो मीटर खोल गेल्या होत्या. खनिज वर ओढण्यासाठी वापरले जाणारे वाखाचे दोर ओलीत कुजत, तर लोखंडी साखळ्या कोणतीही पूर्वसूचना न देता तुटत. रोज जे वजन साखळी सहज उचलत असे, त्याच वजनाने ती एके दिवशी दगा देई.

या कोड्याचा छडा लावण्यासाठी आल्बर्ट यांनी साखळीवर पुनःपुन्हा भार देणारे यंत्र तयार करविले. १८२९ च्या सुमारास केलेल्या या चाचण्यांतून त्यांच्या ध्यानी आले, की साखळी केवळ अतिभाराने तुटत नाही. भार किती वेळा दिला गेला, यावरही तिचे आयुष्य अवलंबून असते. प्रत्येक खेपेला धातूतील सूक्ष्म भेग किंचित वाढत जाते आणि अखेर उरलेला भाग भार पेलू शकत नाही, हे आज ज्ञात आहे. या दोषाला धातूचा थकवा हे नाव नंतर मिळाले. त्यावरील आल्बर्ट यांचे निष्कर्ष १८३७ मध्ये प्रसिद्ध झाले.

साखळीला पर्याय म्हणून त्यांनी लोखंडी तारांचा दोर वळविला. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या चार तारांचा एक पेड आणि अशा तीन पेडांचा दोर, अशी त्याची रचना होती. जुलै १८३४ मध्ये क्लाउस्थालच्या कॅरोलिन खाणीत तो प्रथम वापरात आला. साखळीची एक कडी तुटली की सारेच संपते. दोराची एखादी तार तुटली, तरी उर्वरित तारा भार सांभाळतात आणि तुटलेली तार डोळ्यांना दिसून धोक्याची सूचना मिळते.

४ जुलै १८४६ रोजी क्लाउस्थाल येथेच आल्बर्ट यांचे निधन झाले. पुढे आउगुस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून या विषयाला शास्त्राचे रूप दिले.

आज तारदोर पोलादाचा असतो. पण पोलादही थकते. म्हणूनच वरून धडधाकट दिसणाऱ्या दोरावर विसंबून न राहता तुटलेल्या तारा नियमित मोजणे आणि दोर वेळीच बदलणे, हीच विहिरीच्या तळाशी उतरलेल्या माणसाच्या सुरक्षिततेची खरी हमी होय.