मसल कारचे जनक जॉन डेलोरियन : नियमातील पळवाट आणि बेलफास्टचा कारखाना

अमेरिकी मोटारींच्या इतिहासात मसल कारचे युग 1964 च्या पाँटिअ‍ॅक जीटीओपासून मोजले जाते. मध्यम आकाराच्या, सामान्यांच्या खिशाला परवडणाऱ्या गाडीत मोठ्या गाडीचे व्ही-8 इंजिन बसवण्याची कल्पना तशी जुनी; 1949 च्या ओल्डस्मोबाईल रॉकेट 88 मध्येही ती दिसते. मात्र तिला बाजारपेठ मिळवून दिली ती जॉन झकारी डेलोरियन यांनी.

6 जानेवारी 1925 रोजी डेट्रॉईट येथे जन्मलेले डेलोरियन हे फोर्डच्या ओतशाळेत राबणाऱ्या रुमानियन स्थलांतरिताचे पुत्र. लॉरेन्स तंत्रसंस्थेतील त्यांचे शिक्षण दुसऱ्या महायुद्धातील लष्करी सेवेमुळे खंडित झाले. 1948 मध्ये ते पदवीधर झाले. क्रायसलर व पॅकार्डमधील अनुभवानंतर 1956 मध्ये ते जनरल मोटर्सच्या पाँटिअ‍ॅक विभागात दाखल झाले आणि 1961 मध्ये तेथील मुख्य अभियंता बनले.

1963 च्या प्रारंभी जनरल मोटर्सने आपल्या विभागांना शर्यतींपासून दूर राहण्यास बजावले. पाँटिअ‍ॅकची सारी प्रतिष्ठा शर्यतींवर उभी होती. त्यातच मध्यम आकाराच्या गाड्यांत 330 घनइंचांहून मोठे इंजिन वापरू नये, असा कंपनीचा दंडक होता. बिल कॉलिन्स व रस गी या सहकाऱ्यांसह विचार करताना डेलोरियन यांच्या ध्यानात आले की, 389 घनइंचांचे (सुमारे 6.4 लिटर) इंजिन टेम्पेस्ट गाडीत सहज बसते, कारण त्याच घाटाचे लहान इंजिन तेथे आधीच बसत होते. नव्या मॉडेलसाठी वरिष्ठांची संमती आवश्यक असे. ग्राहकाने निवडायच्या जादा साहित्यासाठी नसे. जीटीओ याच वाटेने, टेम्पेस्ट ल मान्सवरील एक ‘पर्याय’ म्हणून आली. विभागप्रमुख पीट एस्टेस यांनी जोखीम पत्करून तिला पाठबळ दिले. नावही फेरारीच्या गाडीवरून उचललेले. शर्यतप्रेमींना ते खटकले, तरुणांना आवडले.

मूळ इंजिनाची शक्ती 325 अश्वशक्ती, तर तीन कार्ब्युरेटरांच्या आवृत्तीची 348. विक्री विभागाने पाच हजार गाड्यांचाच अंदाज बांधला होता. पहिल्याच वर्षी 32,450 गाड्या खपल्या आणि मुख्यालयाला नियमभंगाकडे काणाडोळा करावा लागला. प्रतिस्पर्ध्यांनीही तोच मार्ग धरला. युद्धोत्तर पिढी नुकतीच वाहन चालवण्याच्या वयात आली होती, पेट्रोल स्वस्त होते. या गाड्यांच्या मोहिनीमागे गर्जनेइतकाच हा योगही होता.

डेलोरियन 1965 मध्ये पाँटिअ‍ॅकचे, तर 1969 मध्ये शेव्हरलेचे प्रमुख झाले. लांब केस आणि झगमगते राहणीमान कंपनीच्या करड्या सुटांच्या संस्कृतीत बसणारे नव्हते. एप्रिल 1973 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तोवर विम्याचे वाढते हप्ते व प्रदूषणाचे निर्बंध यांनी मसल कारचा श्वास कोंडला होता. त्याच वर्षीच्या तेलसंकटाने उरलेले काम केले. जीटीओचे उत्पादन 1974 नंतर थांबले.

1975 मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. ब्रिटिश सरकारच्या पैशावर बेलफास्टजवळ डनमरी येथे कारखाना उभा राहिला. संघर्षाने पोळलेल्या त्या भागात कॅथलिक व प्रोटेस्टंट कामगार एका छताखाली काम करू लागले, हे त्याचे खरे मोल. गाडी मात्र महाग आणि इंजिनाने दुबळी होती. सुमारे नऊ हजार गाड्यांनंतर 1982 मध्ये कारखाना बंद पडला व कामगार बेरोजगार झाले. त्याच ऑक्टोबरात डेलोरियन यांना अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली. सरकारी यंत्रणेनेच त्यांना जाळ्यात ओढल्याचा बचाव मान्य होऊन ऑगस्ट 1984 मध्ये ते निर्दोष सुटले. पण भांडवलदारांचा विश्वास परतला नाही. 1985 च्या ‘बॅक टू द फ्युचर’ चित्रपटाने गाडीला जगभर ओळख दिली, तेव्हा ती बनवणारी कंपनी उरली नव्हती.

19 मार्च 2005 रोजी न्यू जर्सीत पक्षाघाताने त्यांचे निधन झाले. मिशिगनमधील ट्रॉय येथे त्यांचे दफन झाले असून, समाधिशिलेवर पंखांसारखे दरवाजे उघडलेली बेलफास्टची गाडी कोरली आहे.